शरयूताईंच्या पन्नाशीतल्या पऱ्या

फेब्रुवारीतली सकाळ होती. बर्फामुळे लंडनची गाडी मेडनहेड स्टेशनवर यायचं नाव घेत नव्हती आणि प्लॅटफॉर्मवर जो तो आपापल्या ऑफिसला फोन लावत होता. माझा फोन वाजला तेव्हा मला वाटलं, मॅनेजर असेल. पण लीड्सहून शरयूताईंची मुलगी मीरा बोलत होती. ती तिथेच जन्मलेली, तिथेच वाढलेली, एरवी माझ्याशी इंग्रजीतच बोलते. त्या दिवशी मात्र तिने मराठीत सुरुवात केली. "नीता, आई गेला... आत्ता, हॉस्पिटलमध्ये. खूप पीसफुल होती सगळं." असलं मराठी शरयूताईंनी कधी खपवून घेतलं नसतं, वाक्य मधेच अडवून दुरुस्त करून घेतलं असतं. मीरालाही ते जाणवलं असावं. "गेली," ती म्हणाली.

मेडनहेडला मी नंतर आले; पुण्याहून वर्क परमिटवर आधी लीड्सला गेले ते दोन हजार दोनमध्ये. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत शरयूताईंची ओळख झाली. मूळच्या सांगलीच्या, फ्रेंच घेऊन एम. ए. झालेल्या. डॉक्टरांशी लग्न करून सत्तरच्या सुमारास लीड्सला आल्या आणि तिथल्या एका शाळेत निवृत्तीपर्यंत फ्रेंच शिकवलं. साडी, अंबाडा, त्यावर जाडजूड कोट. पहिल्याच दिवशी एका मुलीने विचारलं होतं, "मिस, तुम्ही फ्रेंच आहात का?" "नो, लव्ह," ताई म्हणाल्या होत्या, "सांगली." लीड्सकडच्या, म्हणजे यॉर्कशरच्या बायका दूधवाल्यापासून पोलिसापर्यंत सगळ्यांना म्हणतात तसलं ते 'लव्ह' त्यांच्या तोंडी इतकं मुरलं होतं की मराठीतसुद्धा यायचं. "भाजी घे ना, लव्ह."

निवृत्त झाल्यावर बायका बागकाम करतात, ताईंनी युनिव्हर्सिटीत संशोधनाला नाव घातलं. विषय होता, सतराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये परीकथा लिहिणाऱ्या बायका. मला तर परीकथा म्हणजे आजीबाईंनी सांगितलेल्या आणि पुरुषांनी गोळा केलेल्या गोष्टी, एवढंच ठाऊक. ताई उसळल्या. "कुठल्या आजीबाई? चांगल्या शिकल्यासवरल्या बायका होत्या या! कुणाला पंधराव्या-सोळाव्या वर्षी बापाच्या वयाच्या माणसाच्या गळ्यात बांधलेलं, कुणाला दरबाराची मर्जी गेली म्हणून पॅरिसबाहेर काढलेलं. एकमेकींच्या दिवाणखान्यात जमायच्या, गोष्टी सांगायच्या, मग छापायच्या. परीकथा हे नावसुद्धा त्यांनीच रूढ केलं. नावं मात्र पुढे उरली पुरुषांची." एका चर्चासत्रात कुणी प्राध्यापक म्हणाले होते की या बायका फार पाल्हाळ लावतात. ताई उठून उभ्या राहिल्या. "ज्यांना बोलायला दुसरी जागाच नव्हती," त्या म्हणाल्या, "त्यांनी जागा मिळाल्यावर लांब बोलावं, यात नवल ते काय?"

त्या गोष्टी त्यांना मराठीत आणायच्या होत्या आणि 'परी' या शब्दापाशीच त्यांचं घोडं अडलं होतं. "आपली परी म्हणजे पंख लावलेली स्नेहसंमेलनातली पोरगी. यांच्या पऱ्या बघ, पन्नाशीच्या, आखडू, एकमेकींशी भांडणाऱ्या. बाळ जन्मलं की पाळण्याशी येऊन त्याच्या नशिबाचा निकाल लावणार. या आपल्या सटवाईच्या जातीच्या गं!" महिनाभर त्या हा शब्द चघळत होत्या. शेवटी 'परी'च ठेवली, पण अशा थाटात सांगायच्या की ऐकणाऱ्याला ती अंबाडा घातलेलीच दिसायची.

सांगायच्या त्या शनिवारी दुपारी, आपल्या पुढच्या खोलीत. आम्ही पाच-सहा जणी असायचो. मी नोकरीवाली, बाकीच्या बहुतेक नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या, दिवसभर घरात एकट्या. ताई एक फ्रेंच गोष्ट मराठीत सांगत, मग कुणीतरी आपली रचलेली सांगायची. दंडक दोनच. सांगणारीला मधे तोडायचं नाही, आणि नंतर "हे खरंच झालं का?" असं विचारायचं नाही. आमच्या गोष्टी काय, बेताच्याच असायच्या. माझ्या राक्षसाचं तोंड हटकून मॅनेजरसारखं व्हायचं.

त्यात अश्विनी आली. नागपूरकडची, शिकून नर्स झालेली, लग्न होऊन नुकतीच आलेली. नवरा आयटीत. मंडळात ती त्याच्यामागे उभी राहायची, बोलायची नाही. ताईंनी थेट त्यालाच विचारलं, पाठवाल का? तो हसला. "परीकथा? पाठवतो की, काकू." गाडीने आणून सोडायचा आणि संपायच्या वेळी बाहेर गाडीत बसून राहायचा. बरेच शनिवार ती नुसती ऐकत होती. मग एकदा आपणहून म्हणाली, "मी सांगू?"

तिच्या गोष्टीत एक राणी होती. राजाने तिची सावली कपाटात कुलूपबंद केली होती, आणि सावलीशिवाय तिला वेशीबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं. तिचा आवाजही राजाकडेच असायचा. माहेरच्यांशी बोलायच्या वेळी तो तेवढ्यापुरता परत द्यायचा, शेजारी बसून ऐकायचा, आणि मग काढून घ्यायचा... अश्विनी थांबली. कुणीतरी हळूच म्हणालं, "पुढे?" "पुढचं मला येत नाही," ती म्हणाली. ताईंनी शांतपणे चहाचं आधण ठेवायला म्हणून तिला आणि मला आत नेलं. दार लोटून घेतलं आणि विचारलं, "सावली कुठल्या कपाटात आहे, बाळ?"

"त्यांच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये," अश्विनी म्हणाली. "पासपोर्ट आणि माझी सर्टिफिकेट्स, सगळंच." मग तिने बाही वर केली. दंडावर बोटांचे वळ होते.

"आज त्या गाडीत बसायचंय तुला?" ताईंनी विचारलं. तिने मान हलवली, नाही म्हणून. ताईंनी तिथूनच पोलिसांना फोन केला, दुसरा एका वकीलबाईंना. ती त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. तोवर बाहेर हॉर्न वाजायला लागला होता. नवरा दाराशी आला. "काकू, तिला बाहेर पाठवा."

"ती येणार नाही."

"आमच्या घरात लक्ष घालू नका तुम्ही!"

"तुमच्या घरात नाही घालत," ताई म्हणाल्या. "ती माझ्या घरात आहे."

पोलिसांना बोलावतो म्हणून त्याने दम दिला. "मी बोलावलेत," ताई म्हणाल्या, "थांबा, येतीलच." उंचीने त्या त्याच्या खांद्याला लागत होत्या. मी मागे उभी होते. ताईंचा एक हात चौकटीवर होता, तो हलला नाही.

पुढचं काही गोष्टीसारखं झटपट झालं नाही. कागदपत्रं पोलिसांमार्फत परत मिळाली, पण व्हिसाचा गुंता सुटायला वर्षाच्या वर गेलं. तोवर अश्विनी ताईंच्या वरच्या खोलीत राहिली. ताईंच्या प्रबंधाचं एक प्रकरण त्यात मागे पडलं. मंडळातल्या काहींनी 'घर फोडणारी बाई' म्हणून त्यांच्याकडे येणं सोडलं आणि दिवाळीत मुलांना गोष्टी सांगायचं आमंत्रणही थांबलं. तेवढं मात्र त्यांना लागलं. "मुलांना कशाला शिक्षा?" एवढंच एकदा म्हणाल्या. पण प्रबंध त्यांनी पुरा केला, पदवी घेतली, आणि डॉक्टरांसाठी फोन आला की मुद्दाम विचारायच्या, "कोणते डॉक्टर हवेत?" अश्विनी आज मँचेस्टरला नर्स आहे, स्वतःच्या वर्क परमिटवर. अंत्यविधीला ती ड्यूटीवरून गणवेशातच आली. तिथे सर्वांत मोठ्याने तीच रडली.

परवा लीड्सला डॉक्टरकाकांना भेटायला गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीत एक जुना रेडिओ खरखरत होता. फ्रान्समधलं कुठलंसं स्टेशन, बातम्या चालल्या असाव्यात. ताई रोज सकाळी तो लावून पोळ्या करायच्या, काका सांगत होते. काकांना फ्रेंचचा एक शब्द येत नाही. त्यांनी दोन कप काढले, चहा गाळला, आणि समोर बसून लक्षपूर्वक ऐकू लागले.

"काका, काही कळतं का?" मी विचारलं.

"छे गं," ते म्हणाले. "पण हा बंद असला की मला चहा उकळल्यासारखाच वाटत नाही..."

खरखर वाढली तसे ते उठले, एरिअल जरासं खिडकीकडे वळवलं, आणि आवाज स्पष्ट होईपर्यंत ते तसंच धरून उभे राहिले.