बदामाएवढा भाग

लोकशाहीची खरी लढाई माणसाच्या मेंदूत लढली जाते. हे वाक्य मी नंदुरबारातल्या एका वाचनालयातल्या व्याख्यानासाठी लिहिलं होतं. श्रोते न आल्यानं व्याख्यान रद्द झालं, वाक्य मात्र हाताशी उरलं. ते घेऊन मी कोरीटला थोरल्या भावाकडे गेलो. सोबत बीपीचं मशीन होतं.

दादाचा मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टरांनी दोनदा परत पाठवलं: आधी प्रेशर उतरवा, मग ऑपरेशन. समोरचा माणूस त्याला आवाजावरून ओळखावा लागे. त्यात गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागलेली. प्रेशर उतरणार कुठून?

मी त्याला समजावलं. आपल्या मताला कोणी धक्का लावला, की मेंदूतला बदामाएवढा एक भाग अंगावर कोणी धावून आल्यासारखा भडकतो. विचार मागाहून येतो, वकिलासारखा, आधीच ठरलेल्या निकालाला कारणं पुरवायला.

"मन्हा डोकामा बदाम शे," दादा वहिनीला म्हणाला. "आनि याना डोकामा?"

मी त्याच्या दंडाला पट्टा बांधला आणि विरोधी पॅनलचं पत्रक मोठ्यानं वाचलं. दुसऱ्या मुद्द्यालाच आकडा वीसनं चढला. मला झालेला आनंद निव्वळ शास्त्रीय होता.

"भाऊजी, आते तुम्हना हात," वहिनी म्हणाली.

माझा कुठलाच पक्ष नाही, हे मी तीस वर्षं सगळ्यांना सांगत आलोय. बिनधास्त दंड पुढे केला. दादाला पत्रक दिसत नव्हतं. त्यानं फक्त आपल्या लाडक्या नेत्याचं नाव घेतलं आणि म्हणाला, "देवमाणूस शे."

मशीन बराच वेळ घरघरत राहिलं. माझा आकडा दादाच्या वर गेला. पट्टा सैल बसलाय, मी म्हणालो. पुन्हा घेतला. आत्ताच चहा झालाय ना. डावा हात दिला. सेल उतरले असतील. उठलो, ओट्यावर दोन फेऱ्या मारल्या, परत येऊन बसलो.

"वकील उना, देख," दादा म्हणाला, आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला.

मशीन त्याच्याकडेच ठेवलं, मी दुसरं घेतलं. त्यानं टीव्हीवरच्या चर्चा सोडल्या. रोज सकाळी मला फोन करायचा: "आज कितला शे तुन्हा?" मी सांगायचो. त्याचा आकडा उतरत गेला.

मतदानाआधी त्याचं ऑपरेशन झालं. मला सकाळी नाश्त्यानंतर एक गोळी सुरू आहे.