राखेचे दर्दी

अवघ्या निजाम मुलखात राखेची चव आमच्या आतोबांइतकी दुसऱ्या कुणाला कळत असेल, असं मला वाटत नाही. आणि चव म्हणजे अगदी जिभेवरची चव. चिमूटभर राख तोंडात टाकायची, डोळे मिटायचे, जीभ टाळूला लावायची आणि सांगायचं, "तुराटीची हाय. पण खाली एखादी गोवरी जळलीय." माझ्या आत्याचे हे यजमान बिदरच्या कचेरीत कारकून होते. दिवसभर उर्दू कागद उतरवून काढायचे आणि घरी आलं की शेरवानी खुंटीला अडकवून थेट चुलीपुढे बसायचं. मी मास्तर म्हणून बिदरला रुजू झालो आणि त्यांच्याच घरी राहिलो. पहिल्याच सकाळी त्यांनी माझ्यापुढे वाट्या मांडल्या. मला वाटलं, फराळ आला. बघतो तर सगळ्या वाट्यांत राख! "लिंबाची कडू हाय, बाभळीची जरा झोंबती," ते म्हणाले. "आ कर बघू, तुझ्या हिरड्या बगून सांगतो."

त्यांच्या माजघराच्या भिंतीतल्या देवळीत राखेची मडकी ओळीनं मांडलेली असत. कडुलिंबाची दातांना, गोवरीची धान्याला कीड लागू नये म्हणून, चिंचेची तांब्याच्या घागरींना आणि तुराटीची म्हणे कशालाही. कमठाण्याच्या मळ्यातून कुणी गाडी घेऊन आलं की आतोबा त्याला आधी शेतातल्या पिकाचं नव्हे, चुलीतल्या सरपणाचं विचारत. एकदा चिंताकीचा एक माणूस सुजलेला गाल धरून दारात आला. त्याला बसवून घेऊन आतोबांनी कुठल्या लाकडाची राख कुठल्या दाढेला मानवते हे इतकं विस्तारानं सांगितलं, की तो मध्येच उठला आणि "बरं वाटायलंय, अण्णा, येतो," म्हणून चालता झाला. हा आपल्या विद्येचा गुण, असं आतोबा पुढं सगळ्यांना सांगत. मीही मान डोलावली. घरात जेवायचं होतं मला!

या माणसाला राखेखालोखाल कशाचा नाद असेल, तर तो आत्याच्या हसण्याचा. आत्या हसायची म्हणजे काय हसायची! ती हसली की समोरच्या माडीवरची कबुतरं उडायची आणि भिंतीपलीकडची कानडी शेजारीण काय झालं ते न कळताच खो खो हसत सुटायची. आतोबा दिवसभर कचेरीत तिच्यासाठी काहीतरी वेचून ठेवत. तहसीलदारांचं शिंकणं, वकिलाचं अडखळणं, शिपायाचा पान खाऊन केलेला सलाम. रात्रीच्या जेवणाला हे सगळं ताटापुढे हुबेहूब करून दाखवायचं, आणि आत्यानं घास हातात धरून "बास करा ओ, ठसका लागंल!" म्हणत डोळे पुसायचे. आतोबांचं पोट त्यानंच भरायचं, भाकरी आपली नावाला.

अशात बिदरला रेल्वे आली. सगळं गाव इंजिन बघायला लोटलं. आतोबा मात्र इंजिनाच्या पोटाखाली वाकून बघत होते. तिथून ओढून काढलेल्या कोळशाच्या राखेचे ढीग रुळांच्या कडेला पडलेले त्यांना दिसले आणि गडी हरखला. तिथल्या तिथे चिमूट जिभेवर! डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. "चवच न्हाई रे हिला," ते माझ्या कानाशी पुटपुटले, "खारट न्हाई, तुरट न्हाई. म्हंजे किती शुद्ध असंल बग!" दाताखाली करकर वाजत होती, तिच्याकडे त्यांनी सपशेल काणाडोळा केला. दुसऱ्याच दिवशी पोती भरून राख घरी आली. आत्या ती अंगणालगतच्या सोप्यात चाळायची, आतोबा ती गल्लीत वाटायचे. भांडी अशी लख्ख निघू लागली की घराघरांतून मागणी आली. "विलायती राख," असं ते मिशीवर हात फिरवून म्हणत. कचेरीतसुद्धा दोघातिघांना त्यांनी पुड्या बांधून दिल्या.

थोड्याच महिन्यांत आत्या खोकायला लागली. आधी आम्ही हसण्यावारी नेलं. मग ती पाण्याची घागर उचलून आणताना मध्ये टेकू लागली. तिच्या बोटांना भेगा पडल्या. आणि एके दिवशी आतोबांनी पान खाणाऱ्या शिपायाचा सलाम करून दाखवला, तेव्हा आत्या हसायला लागली आणि हसू मध्येच तुटून असा काही खोकला सुटला की तिला भिंत धरावी लागली. आतोबांचा हात कपाळाशी, सलामातच राहिला. मग काय, त्यांचा तपास सुरू झाला. लोणच्याची बरणी शेजारणीला गेली. विहीर बदलली. मांजर हुमनाबादच्या गाडीत बसवून कुणाच्या तरी गळ्यात मारलं. हकीमसाहेबांचा काढा झाला, अडुळसा झाला. आत्या बहिणीकडे चिंताकीला राहून आली, तिथं खोकला निम्म्यावर आला आणि घरी परतताच पुन्हा बसला मानगुटीवर. घरात काय वाईट आहे, म्हणून आतोबा भिंती हुंगत फिरायचे! सगळ्यांवर संशय घेतला त्यांनी, माझ्या तपकिरीवरसुद्धा. राखेवर घ्यायचं त्यांच्या मनातच आलं नाही.

एका सुट्टीच्या सकाळी आत्या सोप्यात राख चाळत होती आणि आतोबा चहा घेऊन समोर बसले होते. धाब्याच्या छताला उजेडासाठी ठेवलेल्या सवण्यातून उन्हाचा पट्टा खाली उतरला होता आणि त्यात राख तरंगत होती. आतोबा बघत राहिले. आत्या चाळून उठली, आत गेली, तरी ते बघतच. चहावर साय धरली. "इकडं ये," त्यांनी मला हाक मारली. "ही खाली बसना गेलीय." मग त्यांनी उठून गोवरीची राख त्याच उन्हात चाळली. ती थोडी उडाली आणि चहा पुन्हा गरम होईतो बरीचशी खाली बसली. त्यांनी दोन्ही राखा पाण्यात कालवल्या. गोवरीचं पाणी बोटांना बुळबुळीत लागलं. कोळशाचं नुसतंच गढूळ झालं आणि तळाशी कच उरली. ती कच त्यांनी अंगठ्यावर घासली आणि किती तरी वेळ अंगठ्याकडे बघत बसले. "राख न्हाई रे ही," ते म्हणाले. "दगडाचं पीठ हाय. आन् मी तुझ्या आत्याला रोज नाकातोंडानं चारलं."

त्याच दिवशी बैलगाडी सांगून सगळी पोती त्यांनी स्टेशनावर नेली. तिथले बाबू चक्रावले. "अजी, राख भी कोई वापस करता क्या?" आतोबांनी शेरवानीची बटणं लावून अदबीनं सांगितलं, "हुजूर, आपकी अमानत." तिथून ते घरोघर फिरले. हे फार अवघड होतं. पलीकडची शेजारीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अण्णा, भांडी आरशावानी निघायलेत. तुमीच दिलाव आन् आता तुमीच परत मागायलाव, कामून?" राखेचा एवढा मोठा जाणता, टोपी काढून तिच्या उंबऱ्यात उभा राहिला. "अक्का, माझं चुकलं. घरच्या बाईची छाती भरली. तुमच्या लेकरांची भरू नये." मग ज्या घरानं कोळशाची राख टाकून दिली, त्या घराला त्यांनी आपल्या देवळीतली राख बदल्यात दिली. लिंबाची गेली, चिंचेची गेली, बाभळीची गेली. देवळी मोकळी झाली आणि तिथं आत्यानं मिठाची बरणी ठेवली.

आत्याचा खोकला उतरला, पण पुरता गेला नाही. तिच्या श्वासाला जी ओढ लागली ती लागलीच. आतोबांनी पुढं कुठलीच राख चाखली नाही आणि कचेरीतल्या गमतीही घरी आणणं बंद केलं. जेवताना ते खाली मान घालून भाकरी मोडायचे. मला फार वाईट वाटायचं. एवढा बोलका माणूस! शेवटी आत्याच एके रात्री ताट सरकवून म्हणाली, "बोला की ओ! तुमचा तहसीलदार शिंकायचा ऱ्हायला का?"

"तुला हसू आलं की खोकला येतो."

"मग येऊ द्या की! न हसता मी कशाला जगायलेय?"

आतोबांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठून पाण्याचा तांब्या भरून आणला, तो आत्याच्या जवळ सरकवला, आणि हळूच, अगदी जपून, तहसीलदारांसारखे शिंकले. आत्या हसली. हसू अर्ध्यावर आलं तसा त्यांनी एक हात तिच्या पाठीवर ठेवला, दुसऱ्यानं तांब्या पुढं केला, आणि ती पाणी पिऊन पुन्हा हसायला तयार होईपर्यंत शिंकेचा उरलेला भाग नाकातच धरून थांबले.