ओव्हरसियर काकांचे वीस दिवस

एखादं काम किती दिवसांत होईल असं विचारलं, की आमचे ओव्हरसियर काका डोळे मिटून घेत. दोन मिनिटं, तीन मिनिटं. समोरच्याला वाटे, म्हातारा पेंगला. पण ते त्या येणाऱ्या दिवसांमधून एकटेच चालत जात असत. कुठे चिखल, कुठे काटे, ते बघत. मग परत येऊन सांगत, "बाहत्तर." मला त्या मिटलेल्या डोळ्यांचा हेवा वाटे हे आज कबूल करतो, तेव्हा तो मला राग वाटायचा.

बासष्ट-त्रेसष्टची गोष्ट. मी नवा इंजिनिअर होऊन बालाघाटच्या कचेरीत आलो होतो आणि काका निवृत्तीला टेकले होते. हुद्द्यानं मी वरचा, म्हणून ते मला साहेब म्हणत. किरनापूरकडच्या एका नाल्यावर आम्हाला पूल बांधायचा होता. पलीकडचं गाव पावसाळाभर तुटलेलं असे. आमचा मुकादम गणपत तिथलाच. आदल्या वर्षी त्याची थोरली लेक बाळंतपणात अडली, नाल्याला पूर, आणि काठावरच ती बाळासकट गेली. आता धाकटीचे आषाढात दिवस भरणार होते. गणपत कधी काही बोलत नसे, पण पुलाची तारीख तो रोज विचारी.

काकांची रीत उलटी. "कधी करशील?" असं ते कुणालाच विचारत नसत. गवंडी, सुतार, गाडीवान, सगळ्यांना एकच प्रश्न : "काहून नाही होनार, ते सांग." मग लोक सांगत. साळीचं लग्न, बैलाचा खूर, सिमेंट गोंदियाला अडकलं. एकदा एक गवंडी वैतागला, "काका, शुभ बोला ना!"

"शुभ घरी बोलतो गड्या. कामावर अशुभ आधी बोलून टाकतो."

मी रंगीत पेन्सिलींनी सुंदर वेळापत्रक काढलं होतं. काकांनी ते दूर धरून पाहिलं. "साहेब, यात मोह कुठी आहे? चैतात मोहाची फुलं पडतेत. ते येचाले सारं गाव पहाटेपासून जंगलात राह्यते. वीस दिवस धरा."

मी हसलो. सरकारी कागदावर फुलं पडण्याचे दिवस लिहायचे? काकांचे वीस दिवस न धरताच मी मोठ्या साहेबांना वैशाखअखेरची तारीख देऊन मोकळा झालो. पण मधला खांब आधी घ्या, हे मात्र काकांनी हट्टानं करवून घेतलं. मला साहेबांना दाखवायला काठाच्या भिंती आधी हव्या होत्या. "पान्यातलं आधी, साहेब," ते म्हणाले, "काठावरचं कवाही होते."

चैत्र लागला आणि नाल्यावर चिटपाखरू दिसेना. मी तणतणत गणपतला हजेरीतून नावं काढायला सांगितलं. तो मान खाली घालून उभा राहिला. त्याची बायकोही जंगलातच होती. काका म्हणाले, "झाडाले नोटीस देता येते का, साहेब? फुलं सकाळीच पडतेत. दुपारून काम लावा." तसं केलं. उन्हं कलली की माणसं येत, कपड्यांना मोहाचा गोड, जड वास. मग संध्याकाळपर्यंत थापीचा आवाजसुद्धा लांबून आल्यासारखा वाटे, जणू सगळा पूल कुणीतरी झोपेत बांधतंय. आयुष्यात इतका सुखी मी पुन्हा कामावर झालो नाही.

वैशाख संपला, तारीख चुकली. मोठ्या साहेबांनी जाब विचारला तेव्हा काका पुढे होऊन म्हणाले, "अंदाज माझा चुकला." मी गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याची लाज अजून गेली नाही. त्याच महिन्यात ते निवृत्त झाले. आम्ही हार घातला, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी छत्री घेऊन म्हातारा पुन्हा नाल्यावर हजर.

आषाढात पाणी चढलं. पूल झाला होता, नुसते कठडे राहिले होते. एका दुपारी पलीकडून गणपतची बैलगाडी आली, आत कळा देणारी लेक. जिथे कठडा हवा होता तिथे, पुलाच्या अगदी कडेला, काका मिटलेली छत्री आडवी धरून उभे राहिले. दुसऱ्या कडेला मी. खाली लाल पाणी घोंघावत होतं. मधोमध गणपतनं गाडी थांबवली, खाली उतरला आणि काकांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"अरे बैताडा!" काका ओरडले. "पाया पडाची येळ आहे का हे? पोरगी ने आधी!"

गाडी अलीकडचा चढ चढून दवाखान्याच्या वाटेला लागली. मग मी वाकलो. मला त्यांनी अडवलं नाही.