डबीवरचा लाल ठिपका

उस्ताद चिडले की आधी हातातल्या फडक्याची नीट घडी घालून ती बॉनेटवर ठेवत आणि मग ओरडायला सुरुवात करत. एअर फिल्टर वर्षभर न झटकणारा डॉक्टर असो, की हॉर्न वाजवत आत शिरणारा फौजदार, ओरडा सगळ्यांना सारखाच. खामगावात नांदुरा रोडला त्यांचं गॅरेज होतं. लोक तिथे बोलणी खायचे, वर त्यांचाच चहा प्यायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा तिथेच जायचे. मी शाळेत शिकवते, रागावणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. पण त्या फडक्याची घडी होताना दिसली की मीसुद्धा दोन पावलं मागे सरकायचे.

त्यांची खासियत म्हणजे डबी. इंजिनात पेट्रोल किती सोडायचं ते गाडीतला कॉम्प्युटर ठरवतो. बाहेरून बसवलेली ही डबी त्या हुकमात थोडी ढवळाढवळ करते, इथे जरा जास्त, तिथे जरा कमी. आमच्याकडे मात्र प्रत्येकाला गाडी जीपसारखी ओढायला हवी आणि अ‍ॅव्हरेज मोटरसायकलचं हवं. असं कोणी मागितलं की फडक्याची घडी झालीच म्हणून समजा. "पेट्रोल कमी केलं तं इंजिन तापते," ते म्हणायचे. "उपाशी बैलाले घाटात जुंपता काय बे?"

डबी बसवली तरी तिचं पेट्रोलचं सेटिंग ते रिकाम्या गाडीवर कधीच करून देत नसत. "गाडीत रोज कोन कोन बसते? थे समदे घेऊन या," असा हुकूम असायचा. मग अख्खं कुटुंब भरून गाडी बोथ्याच्या घाटात न्यायची, एसी चालू ठेवायचा आणि उस्ताद पुढच्या सीटवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायचे. आमच्या गाडीच्या वेळी मागे सासू-सासरे, माझ्या दोन मुली आणि ज्वारीचं पोतं होतं. तिसऱ्या वळणावर सासूबाईंना मळमळायला लागलं. "आजी, जरा दम धरा, तिसऱ्या गिअरचं पाहून घेतो," असं म्हणून त्यांनी खरोखर तो चढ संपेपर्यंत गाडी थांबवू दिली नाही. सासूबाई पुढे कित्येक दिवस त्यांच्या नावानं बोटं मोडत होत्या, आणि गाडी मात्र घाटात कधी कुरकुरली नाही.

काम मनासारखं झालं की डबीचं झाकण बंद करून त्याच्या स्क्रूवर ते लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचे. त्यांची लेक लग्न होऊन जालन्याला गेली, तेव्हा ती बाटली घरीच विसरली होती. ठिपक्याला तडा गेला म्हणजे कोणीतरी झाकण उघडलं, इतका साधा हिशेब होता.

एका ठेकेदाराच्या मुलानं गाडीला रुंद सायलेन्सर आणि उघडा फिल्टर लावला होता. इंजिनात हवा जास्त जायला लागली, म्हणून पेट्रोल वाढवायला उस्तादांनी डबी बसवली. घाटात मागच्या सीटवर त्याची आई होती. तिनंच ठिपक्यावर फुंकर मारून तो वाळवला आणि रंग छान आहे म्हणाली. पोराला पुढे अ‍ॅव्हरेज झोंबलं. त्यानं दुसरीकडे डबी उघडून पेट्रोल कमी करून घेतलं. बुलढाण्याहून आईला घेऊन येताना त्याच घाटात पिस्टन जळाला. ओढत आणलेली गाडी त्यानं थेट उस्तादांच्या दारात आणून लावली, बापाला बोलावून घेतलं आणि मोबाइलवर शूटिंग सुरू केलं.

मी तेव्हा माझी गाडी घ्यायला तिथे आलेली होते. ठिपका दुभंगलेला मला माझ्या डोळ्यांनी दिसत होता. पोरगा म्हणाला, तो पहिल्यापासूनच तसा होता. उस्तादांनी फडक्याची घडी केली. आता स्फोट होणार म्हणून सगळ्यांबरोबर मीही वाट पाहत होते. पण ते गाडीत मागे बसलेल्या त्याच्या आईच्या खिडकीशी गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, तुम्हीच फुंकर मारली होती नं?"

तिनं मुलाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "मले नाही आठवत," ती म्हणाली.

मी पुढे होऊन ठिपका दाखवायला लागले, तर ठेकेदार म्हणाला, "मॅडम, तुम्हाले गाड्यातलं काय समजते?" उस्तादांनी खांद्यावर फडकं टाकलं आणि ते आत निघून गेले. तो व्हिडिओ गावभर फिरला. ज्यांच्या गाड्या या माणसानं घाटात नेऊन जीव लावून नीट केल्या होत्या, ते डॉक्टर, ते फौजदार, एकालाही स्वतःच्या बॉनेटखालचा न तुटलेला ठिपका आठवू नये? गॅरेज ओस पडलं. आजही त्यातलं कोणी रस्त्यात हसून नमस्कार करतं, तेव्हा माझं डोकं फिरतं.

उस्ताद लेकीकडे जालन्याला निघाले, त्या दिवशी मी त्यांच्यावरच ओरडले. फिल्टरसाठी आयुष्यभर घसा फोडलात आणि इज्जतीचा प्रश्न आला तेव्हा तोंडाला कुलूप? त्या बाईला खोटं का नाही पाडलं?

ते पाने-पक्कडी पेटीत भरत होते. "मॅडम, तिले त्याच घरात राहाचं हाय," ते म्हणाले. "मले काय, जालन्यात बी गाड्या हाय."

मला हे पटलं नाही, अजूनही पटत नाही. मागच्या महिन्यात नव्या गॅरेजात गाडी दाखवली. तिथला मेकॅनिक डबीच्या झाकणाला स्क्रूड्रायव्हर लावत म्हणाला, हे जुनं काढून टाकू, अ‍ॅव्हरेज वाढेल. माझ्या हातात ओढणी होती. तिची नीट घडी घालून मी ती बॉनेटवर ठेवली.