मी मॅडमला सांगितलं होतं, आबांना नाही

डॉक्टरांनी चहाचा कप बशीत ठेवला आणि माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "आबा, सूनबाई म्हणतात, पहिली दारू त्यांना तुमच्या चिरंजीवांनीच पाजली."

खुर्च्या दोनच होत्या. एकीवर आबा, दुसरीवर माझा दीर. मी दाराशी उभी.

डॉक्टर थांबले नाहीत. मधेमधे इंग्रजी शब्द घालत, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसे बोलत राहिले. "त्यांचं म्हणणं असं की संबंधाला त्यांची तयारी नसायची. म्हणून ते आधी पाजायचे."

भर दिवसा कुणीतरी माझा पदर ओढला असं मला वाटलं. सासऱ्यासमोर. दिरासमोर. दीर भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायला लागला. आबा मात्र हसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"असं व्हय," म्हणाले. "आनि काय काय सांगितलं हिनं?"

डॉक्टरांनी सगळं सांगितलं.

हे मी सांगितलं होतं खरं. पण डॉक्टरांना नाही. व्यसनमुक्ती केंद्रात एक तरुण मॅडम होत्या, समुपदेशनाच्या. दार लावून, पंखा बारीक करून त्यांनी मला समोर बसवलं होतं. "मोकळं बोला, ताई," म्हणाल्या होत्या. बारा वर्षांच्या संसारात मला मोकळं बोल असं कुणी म्हटलं नव्हतं. मी बोलले. रडले. बोलून झाल्यावर पोटात हलकं वाटलं, उलटी झाल्यावर वाटतं तसं. ते बोलणं त्या खोलीतून कुठं कुठं जाणार, हे त्यांनी मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. विचारायचं असतं हेच कुठं ठाऊक होतं?

त्या दिवशी केबिनमधे त्या मॅडमही होत्या. कोपऱ्यात. माझ्याकडं बघत नव्हत्या.

आमचं घर रहिमतपूरच्या अलीकडं. ऊस, आलं, दारात ट्रॅक्टर. आबा कारखान्यात डायरेक्टर राहिलेले. नवरा मिलिटरीत. सुट्टीला आला की ट्रंकेतून कॅन्टीनची रम आणायचा. आबा त्यातल्या बाटल्या महसुलाच्या सर्कलला द्यायचे, बँकेच्या साहेबाला द्यायचे. त्याला कुणी व्यसन म्हणत नव्हतं. एक बाटली आमच्या खोलीत राहायची. मुलगी झाल्यावर माझं अंग सावरलेलं नव्हतं, टाके दुखायचे, मी नको म्हणायची. तो थंड्यात मिसळून ग्लास पुढं करायचा. "घे, बरं वाटंल." नंतर मला नको म्हणायचं भान राहायचं नाही. तेवढंच त्याला पाहिजे असायचं.

तो ड्युटीवर परत गेला की बाटली मागं राहायची. मीही मागं राहायची. हळूहळू आम्हा दोघींचं जमलं. तोंडाला वास येऊ नये म्हणून मी मिश्री लावायला लागले. सासूला वाटायचं, सून मिश्रीच्या नादी लागली. एक दिवस चुलीपुढं पडले, हात भाजला, तेव्हा घरात कळलं.

आबांनी सांगली निवडली. विश्रामबागेतलं केंद्र. साताऱ्यात नको म्हणाले, वळखीची मानसं भेटत्यात, घराण्याचं नाव जातंय. घराण्याचं नाव जपायला त्यांनी मला इतक्या लांब नेलं. आणि तिथं माझं जे होतं नव्हतं ते चहाबरोबर मांडून घेतलं.

परत येताना गाडीत, कऱ्हाड मागं पडल्यावर आबा मागं न वळता म्हणाले, "घरातली गोष्ट बाहेर सांगितलीस. आता तुला घर न्हाई."

बाहेर सांगितलं डॉक्टरांनी. घर गेलं माझं.

मला साताऱ्यात थोरल्या बहिणीच्या दारात सोडलं. माझी अनू आठ वर्षांची. ती गावाकडंच राहिली. नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "तू माझी इज्जत घालवलीस," आणि फोन ठेवला. तेव्हा मी त्याला 'हे' म्हणायची. आता नवरा म्हणते, तेही कागदावर आहे म्हणून.

मी परत प्यायला लागले. बहीण म्हणायची, चल, दवाखान्यात जाऊ, कुणापाशी तरी बोल. मी म्हणायची, मरेन पण बोलणार नाही. खरंच मरायला टेकले. अचानक बंद केली आणि फिट आली. शुद्धीवर आले तेव्हा सरकारी दवाखान्यातली खाट होती, आणि शेजारी एक वयस्क बाई. तांबोळी मॅडम. तिथंही समुपदेशनच करणाऱ्या.

मी भिंतीकडं तोंड केलं.

त्या म्हणाल्या, "बोलू नका. आधी मी सांगते, मग तुम्ही ठरवा." आणि सांगितलं. मी जे बोलेन ते त्यांच्यापाशी राहील. औषधासाठी डॉक्टरांना लागेल तेवढंच डॉक्टरांना कळेल, आणि ते काय, हे मला माहीत असेल. माझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला तर त्यांना बाहेर बोलावं लागेल, पण जमेल तोवर आधी मला सांगून. बाकी घरच्यांना काय सांगायचं ते मी म्हणेन तसं.

"आन काहीच सांगू नका म्हटलं तर?"

"तर नाही सांगणार."

मी विश्वास ठेवला नाही. कितीतरी भेटींत मी नुसती बसून आले. त्यांनी उकरलं नाही. बहिणीलाही माझ्याबद्दल विचारायचं झालं तर आधी मला विचारायच्या, "ताईंना आत बोलवू का?" मी एकदा मुद्दाम नाही म्हणाले. बहीण बाहेरच बसली. मग मला रडू फुटलं. माझ्या 'नको'ला वजन आहे, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

एकदा आबा तिथं आले. तांबोळी मॅडम आत येऊन म्हणाल्या, "तुमचे सासरे आलेत. तब्येतीचं विचारतायत. काय सांगू?"

मी म्हणाले, "तुमी नका सांगू. मी जाते."

बाहेर बाकावर आबा टोपी मांडीवर घेऊन बसलेले. मी त्यांच्यासमोर उभी राहिले, पण ह्या वेळी दाराशी नाही.

"आबा, माझं काय इचारायचं ते मला इचारा. मी सांगीन तेवढंच तुमाला कळंल."

"लय शानी झालीस," म्हणाले, आणि निघून गेले. तोवर अनूला कधीमधी भेटवायचे, ते त्यांनी त्यानंतर बंद केलं. महिन्यातून एकदा सासू चोरून फोन लावून द्यायची, तेही गेलं.

असं हे महाग पडतं. हे कुणी सांगत नाही.

मी दारू सोडली. शिवणकाम धरलं. दवाखान्यात दारू सोडलेल्या बायकांचा गट बसतो, तिथं जाते. नवी बाई आली की तिच्या कहाणीआधी मी तिला तिचा हक्क सांगते. न बोलायचा हक्कसुद्धा.

पुढं नवरा पेन्शन घेऊन गावी आला. एक दिवस दवाखान्यात दारू सोडू बघणाऱ्या पुरुषांच्या गटाची वेळ होती, आणि तो व्हरांड्यात बसलेला. माझ्याकडं बघून त्यानं मान खाली घातली. मी न थांबता पुढं गेले. बहिणीलाही हे बोलले नाही.

थोड्या दिवसांनी आबा माझ्या शिलाईच्या खोलीत आले. थकले होते. पाणी मागितलं, मी दिलं.

"त्यो तिकडं येतो म्हनं. तांबोळीबाईकडं."

मी सुईत दोरा ओवत राहिले.

"काय बोलतो गं तिथं? आमच्याबद्दल काय बोलतो?"

"आबा, तिथं कोन येतं, कोन न्हाई, ह्ये मी कुनालाच सांगत न्हाई."

"मी बाप हाय त्याचा."

"तुमालाबी न्हाई."

त्यांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. मग आवाज बदलला. "मला झोप लागत न्हाई. एकुलती नात हाय, तिच्या बापाचं काय हुईल, कळत न्हाई. तू तेवढं सांग. त्या तांबोळीबाईकडनं काढून सांग. अनूला आज सांजच्याला तुझ्याकडं आनून सोडतो. कायमची."

दोरा सुईतून निसटला. अनू आता बारा वर्षांची झालीय. तिची उंची किती झाली, मला ठाऊक नाही. तिच्यासाठी फ्रॉक बेतायचा तर कुणाच्या मापानं बेतू?

मी तोंड उघडलं तर काय निघेल ह्याची मलाच भीती वाटली. म्हणून आधी ओठ दाबून धरले.

"न्हाई, आबा," म्हणाले.

ते गेले. मी दाराला कडी लावली आणि मशीनवर डोकं टेकलं. त्या दिवशी किती कपडे द्यायचे राहिले, ते गिऱ्हाइकांना विचारा.

नवऱ्याला मी माफ केलेलं नाही. करणारही नाही. ही दया नव्हती. सांगलीच्या त्या केबिनमधे माझं जे झालं ते कुणाचंच होऊ नये. त्यातून त्याला वगळलं, तर मग तो डॉक्टर आणि मी, फरक काय?

मुलीसाठी मी कोर्टात अर्ज केलाय. वकीलबाईंनी बजावलंय, सासरची माणसं तिथं तुमची दारू काढतील, केंद्रातलं सगळं बाहेर आणतील. आणू देत. नवऱ्यानं माझ्याशी काय केलं ते मी तिथं माझ्या तोंडानं सांगणार आहे, आबांच्या समोर, त्याच्याही समोर. तो दवाखान्यात काय बोलतो त्यातला एक शब्द नाही. फक्त माझं. आणि ह्या वेळी ते मला सांगायचं आहे म्हणून.