अंगारा आणि करंट

ज्या सात महिन्यांत गावातले लोक मला पोचलेला माणूस समजून माझ्या पाया पडत होते, त्या सात महिन्यांत माझा देवावर काडीचाही विश्वास उरला नव्हता. ही कबुली आधी देतो, कारण तिच्याशिवाय पुढचं सगळं खोटं वाटेल.

मी वीज खात्यात तीस वर्षं लाइनमन होतो. पिंपळगाव राजा आणि आसपासच्या खेड्यांत मी चढलो नाही असा खांब क्वचितच सापडेल. निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी, गणपतीच्या सुमारास, डाव्या बरगड्यांवर नागीण उठली. पाठीच्या कण्यापासून छातीपर्यंत फोडांचा पट्टा. तिचं तोंड आणि शेपूट एकत्र आलं की माणूस जातो, असं सांगायला रोज कोणी ना कोणी घरी येई. एकानं गेरू लावायला सांगितला, दुसऱ्यानं मंत्र टाकणाऱ्याकडे नेलं. आठव्या दिवशी खामगावच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "काका, यावर गोळ्या आहेत, पण पहिल्या दोन-तीन दिवसांत यायला हवं होतं." पुढे फोड सुकले, खपल्या पडल्या, पण आतली नस दुखावली ती दुखावलीच. आमची ही म्हणायची, नागीण गेली आणि शेपूट ठेवून गेली.

हे शेपूट काय असतं ते ज्याला झालं त्यालाच कळतं. वरून कातडी चांगली दिसते आणि आत आग पेटलेली असते. जोरानं दाबलं तर एक वेळ चालेल, पण बनियनचा नुसता धागा घासला की जीव जातो. मग मी सदरा सोडला. कमरेला लुंगी, उजव्या खांद्यावर पंचा, एवढ्यावर राहू लागलो. घरात बसवेना म्हणून सकाळीच वेशीजवळच्या मारुतीच्या देवळात जाऊन थंड फरशीवर बसायचो. भक्तीनं नव्हे, रागानं. दर शनिवारी त्याला रुईची माळ घालून मी कामावर गेलो होतो. तीस वर्षांत त्यानं मला एकदाही शॉक लागू दिला नाही, आणि आता घरी बसल्यावर ही आग लावून दिली. मी त्याच्याकडे बघायचो आणि मनातल्या मनात त्याला नाही नाही ते बोलायचो.

लोकांना मात्र वेगळंच दिसलं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "लाइनमनसाहेब, संसार सोडला का बाप्पा?" मी तिरसटपणे तोंड फिरवलं. माझं मौन चालू आहे, असं त्यानं गावात सांगितलं. मग कोणी केळी ठेवू लागलं, कोणी पाया पडू लागलं. एक जण त्याची म्हैस हरवली म्हणून आला. मी नाकावरची माशी हाकलायला हात केला, तर तो त्याच दिशेनं गेला आणि दुर्दैवानं म्हैस तिकडेच सापडली. त्यानंतर माझा नाइलाज झाला असं मी म्हणायचो, पण ते खरं नाही. मला ते आवडत होतं. लाइनमनच्या पाया कोण पडतं? लाइट गेली की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो, एवढाच त्याचा मान. मी देवापुढच्या उदबत्त्यांची राख एका डबीत भरून जवळ ठेवली आणि अंगारा म्हणून लावू लागलो.

"लोकायले काय सांगून राह्यले तुम्ही?" हिनं एकदा विचारलं.

"मी कुठं काय सांगतो? थेच म्हनतात."

"मंग तुम्ही नाई म्हना ना!"

मी नाही म्हटलं नाही.

याच दिवसांत डॉक्टरांनी मला खामगावच्या फिजिओथेरपीच्या मॅडमकडे पाठवलं होतं. त्यांनी एक यंत्र दाखवलं. तळहाताएवढी डबी, दोन बारीक वायरी, चार चिकट पट्ट्या आणि करंट कमीजास्त करायचं बटण. पट्ट्या दुखऱ्या जागेच्या वर-खाली, जिथली कातडी चांगली आहे तिथे पाठीवर लावायच्या. मग हलका करंट सुरू होतो, मुंग्या येतात. मॅडमनी साध्या शब्दांत सांगितलं, "काका, दुखण्याचा निरोप नसेतून मेंदूकडे जातो. वाटेत एक दार आहे समजा. मुंग्यांचा निरोप आधी जाऊन दारात गर्दी करतो, मग दुखण्याचा निरोप मागे अडकतो. आजार जात नाही, पण दुखणं सुसह्य होऊ शकतं. सगळ्यांना सारखाच गुण येतो असंही नाही." मी ऐटीत म्हणालो, "मॅडम, आख्खी नोकरी करंटपासून जीव वाचवण्यात गेली. आता तो हातानं अंगाला लावून घेऊ?" गावात बायका हसतील, वेड लागलं म्हणून शॉक देतात असं म्हणतील, हेही सांगितलं. यंत्र हिनं हट्टानं घरी आणलं आणि मी ते कपाटात साड्यांच्या मागे ठेवून दिलं.

करंटची भीती हे निव्वळ ढोंग होतं. आत नऊ व्होल्टचा सेल आहे, त्यानं काय होतं ते मला कोणी शिकवायला नको. खरं कारण असं की आग थांबली असती तर सदरा घालावा लागला असता, आणि सदरा घातलेल्या माणसाच्या पाया कोणी पडलं नसतं. एवढी आग सोसून मी ती जपत होतो. आज लिहितानाही लाज वाटते.

वैशाखातली गोष्ट. सकाळी नवाच्या सुमारास मी देवळात बसलो होतो, जवळ दोन-तीन माणसं होती. एक तरुण बाई आली. ओळखीची नव्हती, शेजारच्या खेड्यातली असावी. पदर कपाळावर खाली ओढलेला. तिनं तो थोडा बाजूला केला आणि मला दिसलं. डाव्या भुवईपासून नाकाच्या शेंड्यापर्यंत फोड, पापणी सुजलेली. ही नागीणच, हे मी पाहताक्षणी ओळखलं. दोन-तीन दिवसांत यायला हवं होतं, हे डॉक्टरांचे शब्दही आठवले, खोटं बोलणार नाही. पण ती माणसं बघत होती. तिनं बोलायला तोंड उघडलं तोच मी डबी उघडून तिच्या कपाळाला अंगारा लावला, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाय माय, होईन बरं." ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग पाया पडून गेली.

दुपारी जेवायला घरी गेलो. ताट वाढताना हिनं विचारलं, "थे बाई भेटली का? तोंडावर नागीन आलेली? घरी आलती बिचारी. मीनंच देवळात पाठोली."

"कायले?"

"डॉक्टरचं नाव इचाराले. कालच फोड आले म्हने. तुम्हाले झालतं, तुम्हाले म्हाईत असन म्हनून आली थे. काय सांगतलं मंग?"

माझ्या हातातला घास हातातच राहिला. ती बाई बाबाकडे आलीच नव्हती. ज्याला नागीण झाली त्या लाइनमनकडे ती डॉक्टरांचं नाव विचारायला आली होती, आणि मी तिचं तोंड राखेनं बंद केलं होतं.

"अंगारा लावला," मी म्हणालो.

ही मला बोलली असती तर बरं झालं असतं. ती उठली, कपाटातल्या साड्या बाजूला सारून ते यंत्र काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. मग म्हणाली, "तिचं गाव मले म्हाईत हाय. जीपमंधी दाटीवाटीनं जा लागन. उघड्यानं कसे जासान? फिरा तिकडं."

मी मुकाट्यानं पाठ केली. मॅडमनी दाखवलं होतं तसं हिनं कण्याच्या बाजूला, दुखऱ्या जागेच्या वर दोन आणि खाली दोन, अशा चार पट्ट्या चिकटवल्या. बटण माझ्या हातात दिलं. त्या वेळी एक गोष्ट अशी मनात आली की मी आजवर तिचा कधी विचारच केला नव्हता. खांबावर चढण्याआधी आम्ही सबस्टेशनला फोन करायचो. पलीकडचा माणूस म्हणायचा, लाइन बंद केली, चढा. तो दिसत नसे, कधी कधी त्याचं नावही ठाऊक नसे. तरी त्याच्या शब्दावर जीव ठेवून मी हजारदा वर गेलो होतो. न दिसणाऱ्यावर विसंबणं मला नवीन नव्हतं, आणि मारुतीपुढे बसून मी त्याच्याकडे सात महिने हिशेब मागत होतो. मी मनातच मारुतीला म्हटलं, तू सांगशील तसं. आणि बटण फिरवलं.

आधी काहीच नाही. मग पाठीत मुंग्या, बटण थोडं पुढे नेलं तशा त्या वाढल्या, बरगड्यांवर पसरल्या. आग विझली नाही, पण चार पावलं मागे सरली आणि तिच्या-माझ्यात मुंग्या उभ्या राहिल्या. हिनं माझा जुना, धुवून मऊ झालेला सदरा धरला. मी डोळे मिटून हात आत घातले. कापड लागलं, झोंबलं, आणि मी ते सोसलं. सात महिन्यांनी अंगावर सदरा होता आणि हिच्या डोळ्यांत पाणी होतं. यंत्राची डबी खिशात टाकून निघालो.

जीपमध्ये डाव्या बाजूला एक गलेलठ्ठ गृहस्थ टेकून बसले होते, त्यांनाही मी काही म्हटलं नाही. त्या खेड्यात पोचलो, विचारत विचारत घर सापडलं. ओट्यावर सासू गहू निवडत होती. बाई आत दाराशी उभी, अंगारा अजून कपाळावर. तिचा नवरा कामाला बाहेरगावी होता.

"माय, हिले आत्ताच्या आत्ता खामगावले डोयाच्या डॉक्टरकडे नेऊ," मी म्हणालो.

"काऊन? मारुतीच्या देवळातल्या बाबानं अंगारा लावला ना! तो म्हने होईन बरं. आता दवाखाना कायले?" म्हातारीनं मला सदऱ्यात ओळखलंच नाही.

"तो बाबा मीच हाय."

तिनं गव्हाचे हात लुगड्याला पुसले आणि पाया पडायला उठली. त्या क्षणी गप्प राहिलो असतो तर सगळं तसंच राहिलं असतं. मी पाठ फिरवली आणि तिच्या समोर सदरा वर केला. "हे पाहा. मले सोताले नागीन झालती. कपडा सहन होत नोयता म्हनून मी उघडा बसो. बाबा-बिबा काई नाई. थो अंगारा उदबत्तीची राख हाय. मी सोताच आता पाठीले करंट लावून फिरून राह्यलो. मी डॉक्टरकडे उशिरा गेलो, म्हनून माही ही गत झाली. हिचा तं डोया हाय माय, डोया!"

ओट्यापुढे शेजारपाजार जमला होता. कोणीतरी हसलं. म्हातारी वायरींकडे बघत राहिली, मग सुनेला म्हणाली, "चप्पल घाल वं. मी बी येतो."

खामगावच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासायला बराच वेळ घेतला. म्हणाले, सूज आहे, पण डोळ्याच्या आत अजून फारसं गेलेलं नाही. आज आलात हे फार चांगलं झालं. औषधं तातडीनं सुरू केली. मग त्यांनी कपाळाकडे बोट दाखवून विचारलं, "आणि ही राख कोणी फासली?" मी म्हणालो, "मी." त्यांनी मला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. मात्र त्यातला एक शब्दही वावगा नव्हता.

परतताना बाई जीपमध्ये हळूच म्हणाली, "मी इचाराले तोंड उघडलं होतं बाबा. पर तुम्ही इतक्या मायेनं हात ठेवला, मले बोलवलंच नाई."

उन्हं उतरताना मी देवळात गेलो. यंत्र कधीचं बंद केलं होतं आणि आग परतली होती. ओट्यावर दोघे बसले होते, सदऱ्यातल्या मला बघून त्यांनी नुसतं "या" म्हटलं. मी गाभाऱ्यापुढे वाकलो आणि वाकताना लक्षात आलं की सात महिने मी इथे रोज येत होतो, पण नमस्कार एकदाही केला नव्हता, फक्त घेतला होता. बरगडीतून कळ गेली. मी तसाच वाकलेला राहिलो. त्या बाईला कोणी पाठवलं, आमच्या हिला त्याच वेळी विचारायचं कसं सुचलं, यावर मी कोणाशी वाद घालत नाही. मला एवढंच ठाऊक आहे की मी सुटका मागत होतो ती आगीतून, आणि त्यानं मला सोडवलं माझ्या ढोंगातून. सोडवताना माझ्या हातात अंगारा नव्हे, नऊ व्होल्टची डबी दिली. घ्यायला मीच इतके दिवस तयार नव्हतो.

आता यंत्र दिवसातून दोनदा लावतो. दुखणं कमी आहे, गेलेलं नाही. सदरा रोज घालतो. पाया कोणी पडत नाही, एक तो म्हैसवाला सोडला तर, त्याला कोणाचं काही पटत नाही. तोंडावर, नाहीतर अंगावर कुठेही नागीण उठलेला माणूस आला की मी त्याच दिवशी त्याला जीपमध्ये बसवतो.

महिनाभरानं ती बाई आली, सासूला घेऊन. डोळा स्वच्छ, भुवईवर फिकट व्रण. दोघी मारुतीच्या पाया पडल्या, मी घाईनं पाय मागे ओढून घेतले. ती समोर बसली आणि तिनं विचारलं, "तुमचं दुखनं कसं हाय आता?"

सात महिने लोक आले, पाया पडले, आपापली दुखणी सांगून गेले. हे कोणी विचारलं नव्हतं. आणि मीही, समोर बसलेल्यांपैकी एकालाही, कधी विचारलं नव्हतं. "हाय माय," मी म्हणालो. "पर सहन होते. तुहं सांग."