मोठ्या दिरांची रोवणी

पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी मला संमोहन शिकवलं. डोळे मिटा, ओळखीच्या जागी जा, दुखणं तिथे ठेवून या. त्यांना वाटायचं, मी कारध्याला वैनगंगेकाठी जाते.

मी जायची आमच्या धानाच्या बांधीत. तिच्या हद्दीचा धुरा माझे मोठे दीर दरसाल हातभर आमच्यात सरकवत आलेत. त्यांना मी गुडघाभर चिखलात वाकवायची, बायांच्या रांगेत रोवणी करायला लावायची. माझं दुखणं त्यांच्या कमरेत ठेवायची आणि मस्त झोपायची.

आठवड्याने ते मला बघायला दवाखान्यात आले, कंबर धरून. माझ्या नवऱ्याला म्हणाले, "काहून त मालूम नाही, कंबर लय दुखून राहिली."

मी डोळे मिटून घेतले. अजून चार बांध्या रोवायच्या होत्या.